फितींतला आवाज दूरगावी धाडताना

(गणेशोत्सवात ऋषिपंचमीच्या संध्याकाळी मंडळाच्या ध्वनिमुद्रण समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऋषिपंचमीची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे नाट्यगीतांची. त्या वेळेतला पाऊण तास आम्ही मागून घेतला आहे आणि बोलायचे आहे ते संगणकाच्या फायलींबद्दल, याची आम्हाला कल्पना आहे. पण ज्यांची गाणी तुम्ही या सभागृहात चाळीस-पन्नास वर्षे ऐकली, त्यांचेच आवाज या फायलींत आहेत. तेव्हा थोडे सोसून घ्या.

मागच्या खोलीतले लोखंडी कपाट तुम्हा सर्वांना माहीत आहे. त्यात कॅसेटी, काही मोठ्या रिळांच्या फिती आणि व्हिडिओ कॅसेटी होत्या. गेल्या दोन वर्षांत समितीने त्या संगणकावर उतरवून घेतल्या. हिशेब असा, की सुमारे ३०० तासांचा आवाज आणि ३० तासांची चित्रफीत झाली. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली आपल्या या इंदुरात झाला हे आपण अभिमानाने सांगतो, पण आपल्या कपाटात त्यांची फीत नाही. मोठ्या कलावंतांचे आवाज कंपन्यांनी आणि आकाशवाणीने जपले आहेत. आपल्या कपाटातले आवाज शाळामास्तरांचे, गिरणीतल्या हिशेबनिसांचे, बँकेतून सुटल्यावर तालमीला येणाऱ्यांचे. ते जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कित्येक फितींवर पांढरी बुरशी धरली होती. अशी फीत साफ करून एकदा चालते, दुसऱ्यांदा चालेलच असे नाही. म्हणजे आता संगणकावर जे उतरले आहे, तेच मूळ.

आणि दिवाळीनंतर ही इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करायची आहे. म्हणून दोन कामे समोर आली. एक, सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी नेऊन ठेवायची. दोन, ज्या कुटुंबांनी आपल्या माणसांचा आवाज मागितला आहे, मग ती पुण्यात असोत, बडोद्यात असोत की टोरांटोत, त्यांच्यापर्यंत तो पोचवायचा.

पहिला प्रश्न आम्हाला सभेत विचारला गेला तो असा : गाणे तर व्हॉट्सॲपवरही जाते, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. तीन तासांचे नाटक एमपी३ करून, नेहमीच्या १२८ किलोबिटच्या दर्जाने, साधारण १७३ एमबीत बसते आणि व्हॉट्सॲपची एका फाइलची मर्यादा २ जीबीची आहे. ऐकायला ही प्रत पुरेशी आहे आणि ती आम्ही मागेल त्याला देतोच. पण एमपी३ करताना कानाला सहसा कळत नाही असा भाग कायमचा टाकून दिला जातो. उद्या कोणी जाणकाराने खरखर काढून आवाज उजळायचे म्हटले, तर त्याला तो टाकलेला भागही लागतो. म्हणून मूळ प्रत आम्ही सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, अशी घेतली. डावा-उजवा मिळून सेकंदाला ५,७६,००० बाइट, म्हणजे तासाला दोन जीबीहून थोडे जास्त. तीन अंकी नाटक ६.२ जीबी. व्हिडिओ कॅसेटी डीव्ही पद्धतीने उतरवल्या, त्या तासाला १३ जीबी खातात. सगळे मिळून जवळजवळ १,००० जीबी, म्हणजे एक टीबी.

आता इथे एक गफलत घरोघरी होते. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. एका बाइटात आठ बिट. म्हणजे तुमच्या बिलावर १०० लिहिले असेल, तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि तेही सगळे सुरळीत असेल तर. शिवाय तो आकडा बहुधा आत येण्याचा असतो. बाहेर पाठवण्याचा वेग कित्येक जोडण्यांत त्याहून कमी असतो आणि पाठवणाऱ्याला तोच लागतो. मंडळाची जोडणी बाहेर पाठवायला २० मेगाबिटची आहे. त्या वेगाने एक टीबी पाठवायला चार लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त, तेही लाइट न जाता.

म्हणून दुसरी प्रत पुण्याला गेली ती रात्रीच्या बसने. आमच्यातला एक जण हार्ड डिस्क पिशवीत, पिशवी मांडीवर, असा गेला. हसू नका! हिशेब करून पाहा. डिस्क भरायला पावणेतीन तास, तिकडे उतरवायला तेवढेच, प्रवास चौदा तास धरला. वीस तासांत एक टीबी, म्हणजे सेकंदाला १११ मेगाबिट. मंडळाच्या तारेच्या साडेपाच पट. यात मागासलेपणा काही नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या आठ दुर्बिणींनी मिळून कृष्णविवराचे निरीक्षण केले. ती माहिती काही हजार टीबी भरली आणि ती तारेने नव्हे, डिस्कांच्या खोक्यांतून विमानाने गेली. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून होत्या, कारण विमानच उतरत नाही. ते चित्र जगाने १० एप्रिल २०१९ ला पाहिले. आणि २००९ साली दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने चक्क कबुतराच्या पायाला ४ जीबीचे कार्ड बांधून ते सुमारे ६० मैल उडवले होते. कबुतर १ तास ८ मिनिटांत पोचले. कार्ड उतरवून होईपर्यंत तारेने गेलेला भाग होता ४ टक्के.

मात्र डिस्क एकदाच नेता येते. टोरांटोला प्रत्येक नाटकासाठी कोण जाणार? तिथे तारच हवी.

टोरांटोची मागणी आपल्या एका जुन्या नटाच्या नातीची. आजोबा गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. आजीकडे फोटो आहेत, आवाज नाही. नाटकाची फाइल आम्ही भाड्याच्या जागेवर चढवून दुवा पाठवला. तिकडे फाइल उतरायला लागे, कधी निम्मी, कधी नव्वद टक्के होई आणि तुटे. पुन्हा केले की शून्यापासून. चार रात्री असेच चालले. आजी जागी राहायची, तिला वाटायचे आज होईल.

ती जागा ज्यांच्याकडून घेतली होती त्यांचा फायली देणारा प्रोग्राम उघडून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. तो मागणाऱ्याचा पासवर्ड तपासायचा, इथपर्यंत ठीक. मग पूर्ण फाइल उचलून स्वतःच्या स्मृतीत घ्यायचा आणि तिथून बाहेर सोडायचा. ६.२ जीबीची फाइल आणि त्या यंत्राची सगळी स्मृती त्याहून कमी! दुसऱ्या कोणी त्याच वेळी काही मागितले की यंत्र गुदमरायचे आणि चालू काम मारून टाकायचे.

हे पंगतीच्या भाषेत सांगतो, कारण महाप्रसादाला आपण सगळेच वाढायला असतो. आत चुलीवर वरणाचे पातेले आहे. वाढपी आत जातो. पातेल्यातले सगळे वरण तो आपल्या एकट्याच्या बादलीत ओतून घेईन म्हणाला, तर बादली तरी फुटेल किंवा वाढपी तरी पडेल. शहाणा वाढपी बादलीभरच नेतो, वाढतो, पुन्हा येतो. संगणकातही हाच पहिला नियम. फाइल तुकड्यातुकड्याने, म्हणजे काही किलोबाइटच्या घासांनी वाचायची आणि लगेच पुढे द्यायची. मग फाइल ६ जीबीची असो की ६०० ची, स्मृती तेवढीच लागते.

याच्या पुढची पायरी आहे. तुकड्यांनी वाढले तरी प्रत्येक तुकडा किती हातांतून जातो ते पाहा. डिस्कवरून तो यंत्रणेच्या गाभ्याच्या साठ्यात येतो, तिथून प्रोग्रामच्या स्मृतीत, तिथून परत गाभ्यात पाठवणीच्या रांगेत आणि मग तारेच्या कार्डावर. प्रोग्राम त्या वरणाला हातही लावत नाही, चवही घेत नाही, नुसते या भांड्यातून त्या भांड्यात. लिनक्समध्ये १९९९ पासून सेंडफाइल नावाची सोय आहे. प्रोग्रामने गाभ्याला एवढेच सांगायचे, की ही फाइल त्या जोडणीवर पाठव. मधली भांडी गळतात. पासवर्ड तपासणारा प्रोग्राम निराळा आणि फाइल वाढणारा सर्व्हर निराळा, अशीही वाटणी करता येते. एनजिनएक्स आणि अपाचे या दोन्ही सर्व्हरांत ती आहे. प्रोग्राम तपासतो, ‘याला द्या’ अशी चिठ्ठी देतो आणि बाजूला होतो. दारावर पास बघणाऱ्याने पंगतीत वाढायचे नाही.

नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या याच वाटेने गेल्या. त्यांनी २०२१ साली एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट पाठवून दाखवले. तिथे एक अडचण होती. वाटेत कोणी वाचू नये म्हणून हल्ली सगळे कुलूपबंद जाते आणि कुलूप प्रोग्राम लावायचा. म्हणजे वरण पुन्हा त्याच्या बादलीत आले. त्यावर उपाय म्हणून कुलूप लावण्याचे कामच गाभ्यात आणि पुढे कार्डावर नेले. खरे सांगायचे तर आपल्यासारख्या मंडळाला, दिवसाला दोन-तीन जणांना फाइल देताना, या मधल्या भांड्यांचा वेळ जाणवतच नाही. आपली अडचण तारेची. आपल्याला फायदा झाला तो एवढाच, की यंत्र गुदमरणे थांबले. पण तो एवढाचही पुष्कळ होता.

आता शून्यापासूनची गोष्ट. हे मात्र आपल्याला सर्वांत जास्त उपयोगी, म्हणून नीट ऐका. एचटीटीपीत १९९७ पासून अशी सोय आहे, की मागणारा पूर्ण फाइल न मागता अमुक बाइटपासून पुढची मागू शकतो. सर्व्हरला हे येत असेल तर तो २०६ या क्रमांकाचे उत्तर देतो, म्हणजे ‘भाग देत आहे’. तो प्रोग्राम मात्र हे ऐकतच नव्हता. कितीही मागा, पहिल्या बाइटपासून सुरू. पुराण ऐकायला उशिरा आलेल्या माणसासाठी बुवांनी दर वेळी गणेशवंदनेपासून सुरुवात केली, तर कथा संपेल कधी? नव्या व्यवस्थेत तार तुटली तर तुटली, जिथे तुटली तिथून पुढे. यात एक मेख आहे. मधल्या काळात इकडे कोणी फाइलच बदलली तर पुढचा अर्धा वेगळ्या फाइलचा यायचा. म्हणून प्रत्येक फाइलला सर्व्हर एक खूण देतो आणि मागणारा म्हणतो, ‘खूण तीच असेल तर पुढचे द्या, नाहीतर पहिल्यापासून.’

पोचली ती फाइल अस्सल आहे हे कसे कळावे? त्यासाठी आम्ही प्रत्येक फाइलबरोबर एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा पाठवतो. फाइलमधला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. तिकडे काढलेला ठसा जुळला म्हणजे काम झाले. पुण्याच्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा ठसा असाच पडताळून पाहिला आहे. जी प्रत पडताळलेली नाही तिला आम्ही प्रत म्हणत नाही. यावर समितीत मतभेद झाले होते, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पण बुरशीची फीत दुसऱ्यांदा चालणार नाही हे आठवले की वाद मिटतो.

राहिली लांबच्या तारेची गंमत. मुंबईतला सर्व्हर आणि टोरांटो यांत निरोप जाऊन परत यायला सुमारे पाव सेकंद धरा. फाइल छोट्या पाकिटांतून जाते, प्रत्येकात दीड हजार बाइटांच्या आत-बाहेर, आणि पोचलेल्याची पोच परत येते. पोच न येता वाटेवर किती माल असू द्यायचा याला मर्यादा असते. जुन्या पद्धतीत ती ६५,५३५ बाइटची होती. पाव सेकंदाला एवढेच, म्हणजे तार कितीही रुंद असली तरी वेग सेकंदाला २.१ मेगाबिट. आपले नाटक साडेसहा तास घेईल. सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्याने ठरवले, की पहिल्या गाडीच्या मालाची पावती हातात आल्याशिवाय दुसरी गाडी सोडायची नाही, तर रस्ता आठपदरी करून काय उपयोग? १९९२ मध्ये ही मर्यादा वाढवण्याची रीत ठरली. आजची यंत्रे ती आपोआप वापरतात, जुनाट घरगुती उपकरण मध्ये नसले म्हणजे झाले.

मग एकदम सगळा माल का सोडू नये? कारण रस्ता सगळ्यांचा. १९८६ साली अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेतून शेजारच्याच विद्यापीठात, जेमतेम ४०० यार्डांवर, ३२,००० बिटांचा वेग घसरून ४० बिटांवर आला होता. प्रत्येक जण पोच येत नाही म्हणून तेच पाकीट पुन्हापुन्हा पाठवत होता आणि कोंडी वाढवत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. हळू सुरुवात करा, पोच येईल तसे वाढवा, पाकीट हरवले की मागे या. राजवाड्यापाशी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्री गाडी काढलेल्याला हे वेगळे समजवायला नको. पण लांबच्या तारेवर एखादे पाकीट कोंडीमुळे नव्हे, घरातल्या वायफायमुळे हरवते, आणि तरी पाठवणारा दचकून वेग कमी करतो. पुन्हा वर चढायला पाव पाव सेकंदाच्या पायऱ्या. गूगलने २०१६ मध्ये बीबीआर नावाची दुसरी रीत आणली, ती हरवण्यापेक्षा वेग आणि वेळ मोजून ठरवते. आम्ही सर्व्हरवर ती चालू केली. तिकडच्या नातीला मात्र एकच सांगितले, की लॅपटॉपला वायफायऐवजी तार लाव. फरक कशाने जास्त पडला, असे कोणी विचारले तर आमचे मत तारेच्या बाजूने आहे.

आकारही कमी केला. आवाजाच्या फायली फ्लॅक पद्धतीने आवळल्या. यात काही टाकले जात नाही, उलगडले की बिट न् बिट मूळचे. निम्म्याच्या आसपास बचत होते, पण फितीची खरखर जास्त असेल तर कमी, कारण खरखरीला ताल नसतो आणि आवळायला ताल लागतो. एमपी३ किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ झिप करून पाठवणारी मंडळी आहेत, त्यांना विनंती, की ते कष्ट घेऊ नका. ते आधीच आवळलेले असते.

पुण्याच्या प्रतीत मागाहून भर पडत राहते. फायलींतल्या नावांचे शुद्धलेखन सुधारले, पात्रयोजना जोडली, की पुन्हा एक टीबी पाठवायचे का? नाही. ॲण्ड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक नावाची युक्ती दिली. दोन्हीकडच्या फायलींचे छोटे तुकडे करून त्यांच्या खुणा ताडून बघायच्या आणि जुळत नाहीत तेवढेच तुकडे पाठवायचे. गेल्या रविवारची सगळी दुरुस्ती मंडळाच्या २० मेगाबिटच्या तारेवरून चहा होईपर्यंत गेली.

टोरांटोचे नाटक पाचव्या रात्री पोचले. वाटेत दोनदा तार तुटली, दोन्ही वेळा पुढे चालू झाली. सकाळी फोन आला. ठसा जुळला का, असे आम्ही विचारत होतो आणि पलीकडून आजी सांगत होत्या, की दुसऱ्या अंकात ते वाक्य विसरले आणि मागून पुटपुटलेला आवाज आमचाच, मी तेव्हा विंगेत बसून सांगायची. एमपी३ च्या प्रतीत ते पुटपुटणे आम्हाला ऐकू आले नव्हते. नंतर मूळ प्रत लावून ऐकले, तर आहे.

आता आमच्या मागण्या. दुसरी प्रत पुण्यात आहे, पण तिची जबाबदारी एका सभासदाच्या घरावर आहे आणि ते पंचाहत्तरीचे आहेत. तिथे डिस्क दर सहा महिन्यांनी लावून ठसे पडताळायला एक तरुण हात हवा. डिस्कही पाच वर्षांनी बदलावी, त्याची तरतूद या वर्षीच्या अंदाजपत्रकात घालावी, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. तिसरी प्रत तिसऱ्या ठिकाणी ठेवायची, तर बडोद्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींशी बोलता येईल. त्यांच्याही कपाटात फिती असणारच. त्यांची प्रत आपण ठेवावी, आपली त्यांनी.

आणि घरोघरी अजून फिती असतील. विसर्जनानंतरच्या प्रत्येक रविवारी सकाळी १० ते १२ मागच्या खोलीत आम्ही बसतो, दिवाळीपर्यंत. फीत आणताना घरी वाजवून बघू नका. पांढरी भुकटी दिसली तर ती झटकू नका, पुसू नका. कॅसेट तिच्या डबीत, डबी कोरड्या पिशवीत, वर नाव, साल आणि कोण बोलते आहे ते आठवेल तेवढे लिहून आणा. साल आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या. पावती मिळेल, आणि मूळ फीत ज्याची त्याला परत.